पडते की राहते

गाडीच्या डिकीच्या दोन्ही बाजूंना हातभर लांबीच्या दोन काळ्या नळ्या असतात. डिकी उघडली की त्यांच्यातून चकचकीत दांडा बाहेर सरकतो आणि एवढा मोठा दरवाजा डोक्यावर आपला आपण उभा राहतो. कंपनीच्या पुस्तकात त्यांना गॅस स्ट्रट म्हणतात. गॅरेजमध्ये त्यांचं नाव 'डिकी शॉकर', किंवा नुसतं 'शॉकअप'. माझी आई त्यांना 'डिकीचे हात' म्हणते. तिन्हींत मला आईचं नाव सगळ्यात नेमकं वाटतं. शॉकअपचं काम धक्का जिरवायचं. या नळ्यांचं मुख्य काम वजन उचलून धरायचं.

तुमच्याकडे गाडी नसेल तरी ही वस्तू तुमच्या आसपास कुठेतरी असणारच. ज्याला आपण 'हायड्रॉलिक बेड' म्हणतो, ज्याची गादीसकट फळी वर उचलून आत गोधड्या कोंबतो, त्याच्या बाजूला हीच नळी असते. त्यात हायड्रॉलिक असं खरं तर काही नाही, पण फर्निचरवाल्याशी यावर कोण वाद घालणार? किचन ट्रॉलीच्या वरच्या शटरला असते. ऑफिसच्या खुर्चीचा खटका दाबल्यावर जी खुर्ची खालीवर होते, तिच्या मधल्या खांबात याच घराण्यातली जरा जाडी नळी असते. ती म्हातारी झाली की खुर्ची मीटिंगच्या मध्येच हळूहळू खाली बसायला लागते आणि आपण स्क्रीनवर हनुवटीपर्यंतच दिसतो.

या नळीमुळे आमच्या घरात तीन महिने एक वाद चालला होता. तो समजायला आधी तिच्या पोटात काय असतं ते सांगायला हवं.

नळी दोन्ही टोकांना कायमची बंद केलेली असते. आत नायट्रोजन असतो, प्रचंड दाबाखाली, आणि थोडंसं तेल. नायट्रोजनच का? तो कोरडा असतो, गंज धरू देत नाही, आणि तेलाशी त्याचं भांडण नाही. ऑक्सिजन इतक्या दाबानं तेलाशेजारी कोंडला तर स्फोटाची तयारीच झाली. दांड्याच्या आतल्या टोकाला पिस्टन असतो आणि त्या पिस्टनला बारीक भोक. बहुतेकांना वाटतं, वायू पिस्टनच्या खाली अडकलेला असतो आणि तो पिस्टनला वर ढकलतो. तसं नाही. भोक असल्यामुळे वायू पिस्टनच्या दोन्ही बाजूंना असतो, दोन्हीकडे दाब सारखाच. मग दांडा बाहेर का येतो? कारण एका बाजूला पिस्टनची पूर्ण चकती उघडी असते आणि दुसऱ्या बाजूला तिच्यावर दांडा उभा असतो. दांड्यानं जेवढी जागा अडवली, तेवढ्या जागेवर आतून उलटा दाब बसत नाही. तेवढाच फरक दांड्याला बाहेर काढतो. नळी कितीही जाड असो, जोर ठरतो तो दाबावर आणि दांड्याच्या जाडीवर.

आमच्या गाडीच्या नळीवर ३५० न्यूटन लिहिलेलं होतं. म्हणजे साधारण ३६ किलोचा जोर. दांडा ८ मिलिमीटर जाडीचा, त्याचं क्षेत्रफळ जेमतेम अर्धा चौरस सेंटिमीटर. गणित केलं तर आतला दाब जवळपास ७० बार येतो. तुमच्या गाडीच्या टायरमध्ये सव्वादोन बार हवा असते. कुकरची शिट्टी होते तेव्हा बाहेरच्या हवेपेक्षा आत साधारण एक बार जास्त दाब असतो. सत्तर बार, तोही बोटाएवढ्या जाडीच्या नळीत, आणि त्याला धरून ठेवतं ते दांड्याभोवतीचं एक रबरी सील. गाडी बंद उभी असतानासुद्धा ते सील चोवीस तास काम करत असतं.

आता दुसरा प्रश्न. डिकीचा दरवाजा १७-१८ किलोचा, मग ३६ किलोच्या दोन नळ्या कशाला? उत्तर सी-सॉचं. दरवाज्याचं वजन बिजागरीपासून अर्ध्या मीटरवर तोललेलं असतं, आणि नळी बिजागरीच्या अगदी जवळून ढकलते, १२-१३ सेंटिमीटरवरून. दांडीच्या आखूड टोकाला बसलेल्याला चौपट जोर लावावा लागतो. म्हणून त्या दोघी मिळून ७२ किलोनं ढकलतात, तेव्हा कुठे १८ किलोंचा दरवाजा अधांतरी राहतो. तुम्ही मात्र दरवाज्याच्या लांबच्या कडेला हात लावता, त्यामुळे तुम्हाला सगळं एका बोटाचं काम वाटतं.

आमची गाडी सांगलीला असते. छोटी हॅचबॅक, सेकंड हँड घेतलेली, आता बारा वर्षांची. नावावर बाबांच्या आहे, पण खरी आईची. तिनं सत्तेचाळिसाव्या वर्षी ड्रायव्हिंग शिकून घेतलं, कारण तिचा मसाल्यांचा धंदा स्कूटरच्या पायापाशी मावेना. कांदा-लसूण मसाला, मेतकूट, दळलेली हळद, भडंगाचा तयार मसाला. आठवड्यातून तीन सकाळी ती सहा वाजता निघते, विश्रामबागपासून मिरजेपर्यंत आठ-नऊ दुकानांत माल टाकते आणि साडेनऊला परत येते. दुपारनंतर गाडी बाबांची. ते एस.टी.च्या विभागीय कार्यशाळेत ३४ वर्षं काम करून निवृत्त झालेत. गाडी घेऊन लायब्ररी, बाजार, आणि मग इतर पेन्शनरांसोबत कट्टा.

डिसेंबरात आईचा व्हॉइस मेसेज आला. "अरे, डिकी पडायला लागलीय बघ. वर केली की राहतच नाही, हळूच येते खाली. तुझ्या बाबांना सांगितलं तर म्हणतात, तुला पूर्ण वर ढकलता येत नाही, उंची कमी पडते."

मी बाबांना फोन केला. बाबा म्हणाले, "काल तीनदा उघडली मी. झकास राहते. हिला कोण सांगणार?"

दोघांनाही मी पुन्हा विचारलं. आई ठाम, बाबा ठाम. बाबांचा आवाज अशा वेळी कार्यशाळेतला होतो: ३४ वर्षं बसच्या खाली झोपून पाटे बदललेल्या माणसाला डिकी पडते की राहते हे कळत नाही का? आणि आईचा आवाज बारीक होतो. मला तो जास्त त्रास देतो. पडणारी डिकी रोज सकाळी स्वतःच्या हातानं धरणारी बाई आपलं म्हणणं पुराव्यानिशी मांडायला लागते, तेव्हा घरात काहीतरी चुकतंय हे उघड असतं.

सॉफ्टवेअरमध्ये आम्ही याला रोज तोंड देतो. ग्राहक सांगतो, अ‍ॅप बंद पडतं. टीममधला कुणीतरी स्वतःच्या लॅपटॉपवर चालवून बघतो आणि म्हणतो, 'माझ्या मशीनवर तर चालतंय.' या वाक्यात खोटं काही नसतं. त्याच्या मशीनवर खरंच चालत असतं. म्हणून आम्ही ग्राहकाला विचारतो: कधी, कुठे, आधी काय केलं होतं? तेच आईला विचारलं. म्हटलं, भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोजच्या चौकोनात लिही. पडली तर 'प', राहिली तर 'रा', आणि शेजारी वेळ. बाबांनी उघडली तर त्यांनीही लिहायचं.

दोन आठवड्यांनी आईनं कॅलेंडरचा फोटो पाठवला. नऊच्या आधीच्या नऊ नोंदी, सगळ्या 'प'. दुपारी दोननंतरच्या सहा नोंदी, सगळ्या 'रा', बाबांच्या ठसठशीत अक्षरात. दोघंही खरं बोलत होते.

कोंडलेला वायू थंड झाला की त्याचा दाब उतरतो. हा नियम गे-लुसाकच्या नावानं अकरावीत आपण सगळ्यांनी पाठ केलेला असतो. त्याचा वायूंवरचा निबंध १८०२ चा. गॅस स्ट्रटमध्ये याचा हिशेब सरळ आहे: दर १० अंशांना जोर साधारण साडेतीन टक्क्यांनी बदलतो. डिसेंबरात सांगलीचा पारा पहाटे १४-१५ पर्यंत उतरतो आणि दुपारी तिशीच्या आसपास जातो. म्हणजे पाच टक्के इथेच गेले. त्यात दुपारी आमची गाडी उन्हात, मागची काच सूर्याकडे, डिकीच्या आतलं तापमान आणखी वर. पाच-दहा टक्क्यांनी नव्या नळीला काही फरक पडत नाही, तिच्यात तेवढी शिल्लक धरलेली असते. पण बारा वर्षांत सीलमधून थोडा थोडा वायू निसटून नळी अगदी उंबरठ्यावर आली असेल, तर तेवढाच फरक डिकी पाडायला पुरतो. सकाळी ती उंबरठ्याच्या अलीकडे, दुपारी पलीकडे.

हे मी व्हिडिओ कॉलवर दोघांना समोर बसवून सांगितलं. बाबांनी मध्ये एकदाही अडवलं नाही, याचा अर्थ त्यांना पटत होतं आणि ते आवडत नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ६ वाजून २० मिनिटांनी फॅमिली ग्रुपवर त्यांचा मेसेज आला. एकच शब्द: 'पडते.'

आईनं त्यावर काहीच लिहिलं नाही. थोड्या वेळानं चहाच्या कपाचा स्टिकर टाकला.

वाद मिटला, डिकी दुरुस्त झाली नाही. कारण सांगतो. ही वस्तू बल्बसारखी एका दिवसात जात नाही. ती दर महिन्याला चमचाभर मदत कमी करते आणि तेवढा भार दुसरं कुणीतरी उचलायला लागतं. आधी हात थोडा जास्त वेळ वर राहतो. मग आपण दरवाज्याखाली खांदा लावायला शिकतो. आई तर डोक्यानं तोलायची: डिकी डोक्यावर टेकवायची, दोन्ही हातांनी क्रेट ओढायचा, आणि कासवासारखं मागे सरत बाहेर यायचं. मी हे पहिल्यांदा पाडव्याला गेलो तेव्हा पाहिलं. तिला त्यात काही विशेष वाटत नव्हतं. तोवर दुपारीही डिकी पडायला लागली होती आणि बाबांनी माझा शाळेतला क्रिकेटचा एक स्टंप डिकीत ठेवून दिला होता, टेकू म्हणून. स्टंप २८ इंची, तेवढा पुरायचा नाही; दरवाजा अर्धाच वर जायचा आणि आई त्याच्याखाली वाकून काम करायची. एकदा क्रेट लागून तो निसटला आणि दरवाजा तिच्या उजव्या खांद्यावर आला.

उजवा खांदाच नेमका दुखरा. तिचा फ्रोजन शोल्डर ऑक्टोबरपासूनचा. डॉक्टरांनी आम्हाला समजावलं होतं की हा त्रास चाळीस ते साठच्या दरम्यान पुष्कळांना होतो, बायकांना जास्त, मधुमेह असेल तर आणखी जास्त, आणि आईला मधुमेह आहे. त्यामुळे डिकीनं खांदा धरला असं मी म्हणणार नाही. पण फिजिओथेरपिस्टनं ज्या हालचाली जपून करायला सांगितल्या होत्या, त्यात वजन घेऊन हात डोक्यावर नेणं ही पहिली होती. आणि आई ती आठवड्यातून तीन सकाळी, आठ-नऊ दुकानांसमोर करत होती.

किती वजन? विमानाच्या बॅगा तोलायचा लटकता काटा माझ्याकडे असतो. तो डिकीच्या कुलपाच्या कडीत अडकवला आणि दरवाजा जिथे राहायला हवा तिथे तो धरून ठेवायला किती लागतं ते पाहिलं. ४.८ किलो. ऐकायला फार नाही. पाच किलोचा आट्याचा पुडा एका हातानं डोक्यावर धरून उभे राहा, दुसऱ्या हातानं आठ किलोचा क्रेट बाहेर काढा, आणि मग सांगा.

नळ्या बारकाईनं पाहिल्या तर पुरावा तिथेच होता. दांडा जिथून नळीबाहेर येतो त्या तोंडाशी डाव्या बाजूला एक पिवळं कडं जमलं होतं, उजव्या बाजूला त्याहून जाड, जरा तांबूस. आधी वाटलं गंज. बोटानं पुसलं तर हळद आणि तिखट. सांगलीची हळद, जिला २०१८ मध्ये जीआय मानांकन मिळालं, तीच. सील गळायला लागलं की वायूबरोबर तेलाचा ओलावाही बाहेर येतो. कोरड्या दांड्यावर पूड बसली असती आणि उडून गेली असती. तेलकट दांड्यावर ती चिकटून राहिली. तुमच्या डिकीत मसाले नसतील, पण धूळ असतेच. दांड्याच्या मुळाशी काळपट चिकट वळं दिसलं, तर दिवस भरत आलेत असं समजा.

देखभालीबद्दल यूट्यूबवर पुष्कळ काही सांगतात, त्यातलं निम्मं नुकसानीचं आहे. दांड्याला ग्रीस लावायचं नाही, तेल मारायचं नाही, गंज सोडवायचा स्प्रे तर अजिबात नाही. त्याला लागणारं तेल आत आहे. बाहेरून लावलेलं तेल धूळ धरतं, धूळ सीलखाली जाते आणि सील घासलं जातं. दांड्याला पकड लावायची नाही, त्यावर एक ओरखडा उठला तरी तो दर उघडझापीत सीलवर करवतीसारखा फिरतो. कोरड्या मऊ फडक्यानं पुसायचा, बास. डिकीवर नंतर बसवलेला जड स्पॉयलर किंवा सायकलचा कॅरिअर असेल तर नळ्यांवर तो भार आहे हे लक्षात ठेवायचं. आणि सुट्या नळ्या कपाटात ठेवायच्या झाल्या तर दांडा खाली करून ठेवायच्या, म्हणजे तेल सीलवर राहतं आणि सील सुकत नाही.

'गॅस भरून मिळेल का?' हा बाबांचा पहिला प्रश्न होता. एस.टी.च्या कार्यशाळेत कुठलीही वस्तू फेकायच्या आधी उघडून बघतात. स्टार्टर, पंप, गिअरबॉक्स, सगळं उघडतं, सगळ्याचे सुटे भाग मिळतात. शिलाई उसवली की शिवायची, तसं. काही गॅरेजवाले भोक पाडून, वायू भरून, बुजवून देतातही. पण मुळात वायू गेला तो सील झिजल्यामुळे. सील तेच राहिलं तर भरलेला वायूही त्याच वाटेनं जाणार. आणि सील बदलण्यासाठी ही नळी उघडतच नाही. तिची कड आत दाबून कायमची मिटवलेली असते. बाबांना हे समजलं, पण पसंत पडलं नाही. मलाही फारसं पसंत नाही. मूठभर रबरापायी स्टीलची अख्खी नळी टाकून द्यायची, यात काहीतरी उधळेपणा आहे.

नवी जोडी मी पुण्यात नाना पेठेतून आणली. दुकानदारानं गाडीचं नाव आणि मॉडेल विचारलं, मी जुन्या नळीवरच्या आकड्यांचा फोटो दाखवला. तीन गोष्टी जुळाव्या लागतात: पूर्ण उघडलेली लांबी, दांड्याची चाल, आणि न्यूटनचा आकडा. टोकाची वाटी किती मिलिमीटरच्या गोळीवर बसते हेही. एक कंपनीची जोडी, १,८०० रुपये. दुसरी बिननावाची, ७००. "दोन्हीत फरक काय?" मी विचारलं. दुकानदार म्हणाला, "फरक दोन वर्षांनी दिसतो." मी म्हटलं, एकच बदलली तर? त्यानं माझ्याकडे असं बघितलं की जणू मी चपलेचा एक पाय मागतोय. एक नवी आणि एक जुनी बसवली तर दरवाज्याच्या एका कोपऱ्यावर जोर येतो, तो पिळवटतो, बिजागऱ्या आणि रबराचं बीडिंग वाकडं व्हायला लागतं. जोडीनंच घ्यायच्या. मी १,८०० वाली घेतली.

बसवायला वीस मिनिटं लागतात आणि लहान पेचकस पुरतो, पण त्या वीस मिनिटांत दरवाजा कुणीतरी धरायला हवा. टेकू नव्हे, माणूस. बाबांनी धरला. दरवाजा पूर्ण वर, कारण नवी नळी पूर्ण ताणलेली येते आणि ती हातानं दाबून आखूड करायला जाल तर होणार नाही, ३६ किलो आहेत ते. आधी जुनीचा फोटो काढला, जाड बाजू कुठे आणि दांडा कुठे हे कळावं म्हणून. नवी त्याच दिशेनं बसवायची. टोकाच्या वाटीत एक स्टीलची क्लिप असते. पेचकसाच्या टोकानं ती थोडीशी उचलायची, पूर्ण उपटायची नाही, आणि वाटी गोळीवरून सरळ बाहेर ओढायची. गोळी पुसून घेतली, तिच्यावर ग्रीसचा टिपका ठेवला. ग्रीसला इथे परवानगी आहे. नवी वाटी गोळीवर ठेवून तळहातानं दाबली, 'कट्' असा आवाज आला. एक बाजू पुरी झाल्यावरच दुसरी.

दुसरी बसल्यावर मी बाबांना म्हटलं, सोडा. त्यांनी हात काढले नाहीत. मग एक काढला. मग दुसरा काढला आणि तो वर तसाच धरून ठेवला, दरवाज्यापासून चार बोटं खाली.

जुन्या दोन्ही नळ्या मी बाथरूममधल्या वजनकाट्यावर मोजल्या. काट्यावर लाकडाचा तुकडा, त्यावर दांडा, आणि वरून दाबत जायचं; दांडा ज्या आकड्यावर आत सरकायला लागतो तो तिचा जोर. डावी २० किलोला सरकली, उजवी १८ ला. मूळच्या ३६ तल्या निम्म्या.

बाबांच्या डोळ्यांत मात्र वेगळंच काही होतं. त्यांनी हॅकसॉ आणली होती. ३४ वर्षांत न उघडलेली एक वस्तू हातात आली होती, तीही टाकून द्यायची, तर आत काय आहे ते बघायला काय हरकत? मी त्यांना गणित करून दाखवलं. १८ किलो भागिले अर्धा चौरस सेंटिमीटर: 'मेलेल्या' नळीत अजून पस्तीस बारच्या वर दाब शिल्लक आहे. टायरच्या सोळा पट. करवतीनं पत्रा पातळ झाला की तो स्वतः फाटेल, आणि दांडा कुठे जाईल ते सांगता येत नाही. बाबांनी टायर फुटून माणसं जखमी झालेली पाहिलेली आहेत. त्यांनी करवत खाली ठेवली.

हे सगळ्यांना सांगण्यासारखं आहे. डिकी धरत नाही म्हणजे नळी रिकामी झाली असं आपण समजतो आणि ती भंगारात देतो. भंगारवाल्याकडचं पोरगं तिला कापायला घेतं, नाहीतर ती विस्तवाजवळ पडते, आणि विस्तवाजवळ दाब पुन्हा चढतो, गे-लुसाकच्याच नियमानं. त्यामुळे ती देताना तोंडानं सांगून द्या, किंवा जिथे नवी बसवली तिथेच परत द्या. आमच्या दोन्ही सध्या बाबांच्या हत्यारांच्या फळीवर आहेत. त्यांनी पांढऱ्या ऑइलपेंटनं दोन्हींवर लिहिलंय: 'दाब आहे. कापू नये.' खाली तारीख आणि सही. कार्यशाळेची सवय.

दुसऱ्या दिवशी आईची फेरी होती. मीही सोबत गेलो. पहिल्याच दुकानासमोर तिनं खटका दाबला आणि डिकी अशी वर गेली की ती दोन पावलं मागे सरली. क्रेट निघाला, माल दिला गेला, आणि मग लक्षात आलं की दरवाजा आता पूर्ण उघडतो, म्हणजे त्याची खालची कड जिथे जायला हवी तिथे जाते, आणि तिथे आईचा हात पोचत नाही. ती ४ फूट १० इंच आहे. बारा वर्षांपूर्वीही पोचत नसणार, पण ती गाडी चालवायला लागली तोवर नळ्या थोड्या थकलेल्या होत्या आणि दरवाजा तिच्या उंचीला आलेला होता. टाचा उंचावून, दुखरा खांदा ताणून तिनं कड पकडायचा प्रयत्न केला. शेवटी दरवाजा मी लावला. आठही दुकानांसमोर मीच लावला, आणि परवा मी पुण्याला जाणार होतो.

गाडीतून परत येताना मी फोनवर शोधत होतो: कमी न्यूटनच्या नळ्या मिळतात का, दांड्याची चाल आखूड करता येते का, महागड्या गाड्यांत बटणावर बंद होणारी डिकी असते तशी बसवता येईल का. आई गाडी चालवत होती, तिनं काही विचारलं नाही. घरी आल्यावर ती आत गेली आणि परकराची एक नवी नाडी घेऊन आली, गर्द हिरवी. डिकीच्या आतल्या बाजूच्या हँडलच्या खाचेतून ती ओवली, गाठ मारली, दरवाजा वर सोडला. नाडी लोंबत राहिली. डाव्या, चांगल्या हातानं तिनं ती खेचली. दरवाजा निम्म्यापर्यंत आला आणि मग आपल्या वजनानं बंद झाला.

बाबा पायरीवर उभे राहून बघत होते. मला वाटलं, आता हे नाडीवरून बोलणार. ते आले, डिकी उघडली, गाठ दोनदा ओढून पाहिली आणि सोडली. मग नाडी चार बोटं आणखी खाली घेऊन त्यांच्या पद्धतीची, न सरकणारी गाठ मारली.

"आता बघ," ते म्हणाले. "हात वर न करता पुरते का?"

आईनं डावा हात खांद्याइतकाच उचलला. पुरली.